वऱ्हाड वेशीवर, यजमान मांडवात

माझ्या मुलीच्या लग्नात तिचे सख्खे मामा मांडवात पोहोचले तेव्हा अंतरपाट दूर होऊन पाऊण तास झाला होता. मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणायचे ते मामांनी. ते काम ऐनवेळी एका चुलतमामांनी केले. गौरीहरापाशी नेसायची पिवळी अष्टपुत्री मामांनी नागपुरात स्वतः निवडून घेतली होती आणि ती त्यांच्याच बॅगेत होती. मुलगी दुसरीच साडी नेसून गौरीहर पुजायला बसली. मामा आले, त्यांनी भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून एवढेच म्हणाले, ''भाऊजी, गोव्यात विमानतळ दोन आहेत म्हणे.''

त्या वाक्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. चूक त्यांची नव्हती, विमान कंपनीची नव्हती, टॅक्सीवाल्याचीही नव्हती. ती माझी होती. लग्न होते २०२३ च्या डिसेंबरात, गोव्याच्या अगदी दक्षिणेला, काणकोण तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात. पाहुण्यांना मी कळवले होते, 'गोवा विमानतळावर उतरा, गाडी हजर असेल.' माझ्या डोक्यात गोव्याचा विमानतळ म्हणजे दाबोळी. पेडण्याजवळचा मोपाचा विमानतळ त्याच वर्षीच्या जानेवारीत प्रवाशांसाठी सुरू झाला होता. ते मी वर्तमानपत्रात वाचलेही होते. पण वाचलेले आणि उपयोगात आणलेले यांत अंतर असते. गोव्याची उत्तर-दक्षिण लांबी साधारण १०५ किलोमीटर. मोपा तिच्या एका टोकाला, काणकोण दुसऱ्या. मामा सव्वानऊला मोपावर उतरले. आमचा ड्रायव्हर त्यांच्या नावाची पाटी घेऊन दाबोळीला उभा. दोघेही फोनवर एकमेकांना सांगत होते, ''मी दारातच आहे, तुम्ही दिसत नाही.'' उलगडा व्हायला पाऊण तास गेला आणि पुढचा वेळ रस्त्याने खाल्ला. मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा. तो कोणासाठी थांबत नाही.

त्याहून मोठी चूक आधीच झाली होती. ''आदल्या दिवशी येतो,'' असे मामा म्हणत होते. मीच त्यांना सांगितले, ''कशाला एक रजा वाया घालवता? सकाळी नऊला उतरा, साडेअकराला मांडवात.'' ज्या माणसावाचून विधी अडतो त्याला लग्नाच्या दिवशी प्रवास करायला सांगणारा यजमान मी!

हल्ली 'डेस्टिनेशन वेडिंग' हा शब्द उच्चारला की नाके मुरडण्याची पद्धत आहे. मी त्या पंथातला नाही. मुलगी बंगळुरात नोकरीला, जावई पुण्याचा, माझे नातलग मुंबई-ठाण्याचे, सासुरवाडी नागपूरची. लग्न कुठेही केले तरी निम्म्यांना प्रवास होताच. शिवाय शहरातल्या कार्यालयातली लग्ने आपण पाहतोच. अक्षता टाकायच्या, पाकीट द्यायचे, पंगतीत खुर्चीमागे उभे राहून जागा धरायची आणि पार्किंगमधून गाडी सुटली की सुस्कारा टाकायचा. त्यापेक्षा शंभर माणसे दोन दिवस एकत्र राहिली, रात्री गप्पा झाल्या, तर वाईट काय? तसे ते झालेही. वर्षानुवर्षे न बोलणारे दोन चुलतभाऊ वाळूवर पहाटे चहा पीत बसलेले मी पाहिले. तेव्हा माझी तक्रार लांबच्या लग्नाबद्दल नाही. आपण लग्न लांब नेतो आणि यजमानपण मात्र मांडवाच्या दारापुरते ठेवतो, याबद्दल आहे.

वास्तविक परगावी लग्न ही आपल्याला नवी गोष्ट नव्हे. वऱ्हाड या शब्दातच प्रवास आहे. बैलगाड्या जुंपून दोन-दोन मुक्काम करीत वऱ्हाडे जात. सीमांतपूजन आज आदल्या संध्याकाळी कार्यालयातच उरकले जाते, पण नावातच त्याचा अर्थ आहे. वराकडची मंडळी गावच्या सीमेवर आली की वधूपक्षाने तिथवर सामोरे जायचे, पाय धुवायचे, पूजन करायचे आणि मग त्यांना जानवशाच्या घरी पोहोचवायचे. मंडळी आली की नाही, किती आली, कोण दमले, हे वेशीवरच कळे आणि तेही लग्नाच्या आदल्या दिवशी. गाड्या हाकणाऱ्या गड्यांचे जेवण आणि बैलांची वैरण हासुद्धा यजमानाच्या हिशेबाचा भाग असे. त्या व्यवस्थेत मानपानाचे आणि रुसव्याफुगव्यांचे जे जाच होते, त्यांचे गोडवे मला गायचे नाहीत. वधूपित्याची कंबर त्यात मोडत असे. पण एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. दुसऱ्याला घराबाहेर काढले की त्याच्या वाटेची जबाबदारी आपली.

आपण विधी ठेवला आणि जबाबदारी सोडली. आमच्या लग्नातले एकेक उदाहरण सांगतो.

आमच्या एका मावसभावाने मुंबईहून कोकण रेल्वेचे तिकीट काढले ते थिवीपर्यंत. तो म्हणाला, 'गोव्याचे स्टेशन म्हणून थिवी दिसले.' थिवी उत्तरेला. आम्हांला हवे होते मडगाव किंवा गाडी थांबत असेल तर खुद्द काणकोण. मी पत्रिकेवर हॉटेलचे नाव छापले होते, स्टेशनचे नव्हते. ज्यांनी तिकिटाचा विचार उशिरा केला ते प्रतीक्षायादीत अडकले. आता तर रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वीच्या १२० दिवसांऐवजी, नोव्हेंबर २०२४ पासून, ६० दिवस आधी खुले होते. म्हणजे लग्नाची तारीख वर्षभर आधी ठरली तरी तिकिटाचा दिवस एकच असतो आणि तो पाहुण्यांना यजमानानेच कळवायला हवा. पावसाळ्याच्या बाजूचा मुहूर्त असेल तर आणखी एक गोष्ट. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते. गाड्या सावकाश धावतात, वेळा बदलतात. मार्ग बहुतांश एकेरी असल्याने एक गाडी रखडली की मागचीही रखडते.

पुण्याहून आम्ही बस केली. बस घाटातून जाणार, वळणावळणांनी कोणाला त्रास होईल, वाटेत कुठे थांबायचे, बायकांसाठी स्वच्छ जागा कुठे, हे मी विचारले नाही. सत्तरी ओलांडलेल्या आत्या सहा तास पाणी न पिता बसल्या, कारण पाणी प्यायले तर उतरावे लागेल. पोहोचल्यावर हॉटेलात त्यांच्याकडे ओळखपत्र मागितले. ते घरी कपाटात. हॉटेलवाल्याचे काही चुकले नाही. प्रत्येक प्रौढ पाहुण्याची ओळख पाहणे हे त्याचे कामच आहे. पण चार ओळींचा निरोप आधी गेला असता तर त्या म्हाताऱ्या बाईला अर्धा तास काउंटरसमोर उभे राहावे लागले नसते. आणि बसचा ड्रायव्हर? त्याच्या जेवणाची आठवण रात्री साडेदहाला झाली. पूर्वी बैलांची वैरण मोजणारे आपण!

मांडवाचीही तीच कथा. आम्ही जागा पाहायला गेलो होतो ऑगस्टमध्ये, भर दुपारी, पाऊस असताना. डिसेंबरात संध्याकाळी तिथे वारा किती सुटतो, हे पाहायला कोणी थांबले नाही. मुलीला वाळूवरच सप्तपदी हवी होती. किनाऱ्यावर मांडव घालायला परवानगी लागते, हे हॉटेलवाल्याने सांगितले. भरतीचे गणित मात्र एका मच्छीमाराने सांगितले, ''पुनवेला-अवसेला पाणी वर चढते. तुमची तिथी बघितली का?'' पंचांग उघडून मुहूर्त पाहिला होता, त्याच पंचांगातली तिथी समुद्राच्या अंगाने कोणी वाचली नव्हती. भरतीची वेळही रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा आदल्या दिवशीची वाळू दुसऱ्या दिवशी त्या वेळेला कोरडी सापडेलच असे नाही. शेवटी मांडव हिरवळीवर घातला, ते बरे झाले. कारण बंद सभागृहात होम करता येणार नव्हता. धूर झाला की छतावरची आगसूचक यंत्रे बोंब मारतात. लाह्या, समिधा, सहाण, आंब्याचे डहाळे यांची यादी गुरुजींनी दिली होती. हॉटेलच्या व्यवस्थापकाला समिधा म्हणजे काय, हे आम्ही लग्नाच्या सकाळी समजावत होतो. रात्री दहा वाजता उघड्यावरचा लाउडस्पीकर बंद झाला तेव्हा तरुण मंडळी हिरमुसली. तो नियम देशभर २००० सालापासून आहे, आमच्यासाठी केलेला नव्हता. नाच सातला सुरू केला असता तर कोणाचेच बिघडले नसते.

कायद्याची बाजू तेवढी आम्ही नीट सांभाळली, तीही एका वकील स्नेह्यामुळे. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची तर एक महिना आधी नोटीस द्यावी लागते, आणि दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य असावे लागते. दोन दिवसांसाठी परराज्यात गेलेल्या जोडप्याला ते तिथे कसे जमणार? नोंदणी पुण्यातच आधी उरकली आणि सोहळा गोव्यात केला.

पण सर्वांत अवघड गोष्ट वेळापत्रकात बसत नाही. ती पैशाची. साताऱ्याकडच्या माझ्या एका चुलतभावाने कळवले, ''नातवाची परीक्षा आहे, जमणार नाही.'' नातवाची परीक्षा डिसेंबरात नव्हती, हे मला नंतर कळले. चार माणसांचे जाण्यायेण्याचे भाडे त्याला झेपणारे नव्हते आणि माझ्याकडून घेणे त्याला रुचणारे नव्हते. आपण आमंत्रण पाठवतो. काही घरांत ते बिल म्हणून पोहोचते. भाडे कोण देणार, खोलीचे कोण देणार, हे स्पष्ट सांगायला आपल्याला संकोच वाटतो आणि त्या संकोचाची किंमत गरीब नातेवाईक मोजतो. यावर मला एकच उपाय दिसतो. लांबचे लग्न करणाऱ्याने गावाकडच्या मंडळींसाठी त्यांच्या अंगणात, त्यांच्या सोयीने, एक साधे जेवण घालावे आणि त्याला दुय्यम समारंभ मानू नये. प्रवासखर्च देता येत असेल तर सर्वांचाच द्यावा, निवडून देऊ नये.

बाकीच्या गोष्टी तशा सोप्या आहेत. ज्यांच्यावाचून विधी अडतो त्यांनी, म्हणजे मामा, गुरुजी, करवली यांनी, आदल्या दुपारपर्यंत पोहोचलेच पाहिजे. प्रत्येक घराला मराठीत एक पान पाठवावे. विमानतळाचे किंवा स्टेशनचे नेमके नाव, तिथून अंतर व वेळ, गाडीवाल्याचा आणि घरातल्या एका माणसाचा फोन, ओळखपत्राची आठवण, जेवणाच्या वेळा. इन्सुलिन घेणाऱ्याला शेवटचीच फार महत्त्वाची. शहरात बोट दाबले की दारात येणारी टॅक्सी तिथेही येईल असे गृहीत धरू नये. खोल्या किती, कोणत्या तारखेपर्यंत कमी करता येतील, रद्द केल्यास किती परत मिळेल, हे हॉटेलकडून लिहून घ्यावे. आणि घरातल्या एका जबाबदार माणसाला फोटो, नाच, पंगत यांतून मोकळे करून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचा कारभारी नेमावे. त्याने वेशीवर उभे राहायचे. लग्न लागले तरी त्याचे काम संपत नाही; शेवटचा पाहुणा आपल्या घरी पोहोचल्याचा फोन येईपर्यंत ते चालू असते.

गेल्या महिन्यात एका मित्राने विचारले, ''तुझ्या मुलीचे लग्न झाले ते हॉटेल कोणते रे? आमच्याकडेही तसेच चालले आहे.'' मी त्याला हॉटेलचे नाव सांगण्याआधी विचारले, ''मुलीचे मामा कुठे असतात?'' तो गोंधळला. मग मी त्याला सगळे सांगितले.

अष्टपुत्री वाया गेली नाही. पुढच्या श्रावणात पहिल्या मंगळागौरीला मुलगी तीच नेसली. मामा मुद्दाम नागपूरहून आले होते, एक दिवस आधी. त्यांना घ्यायला स्टेशनवर मी स्वतः गेलो. गाडी तासभर उशिरा होती. मी फलाटावर उभा राहिलो.