अरुंधती हसली आणि आपलं बिनसलं



'आई कुठे काय करते' २०२४ च्या नोव्हेंबरात संपली. तरी आमच्याकडे चार बायका चकल्या पाडायला जमल्या की अरुंधतीचा विषय अजून निघतोच, आणि निघाला की वादावादी ठरलेली. दिवाळीच्या आधी तेच झालं. एक वहिनी म्हणाल्या, "घटस्फोटापर्यंत छान होती हो मालिका, नंतर भरकटली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली. रात्री कढई घासताना मात्र डोक्यात आलं, भरकटली म्हणजे नक्की केव्हा? त्या दिवसापासून हा विषय मनातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

ज्यांनी मालिका पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (पुरुषमंडळी, तुम्ही लॅपटॉपच्या आडून पाहत होतात हे आम्हाला माहीत आहे. ह. घ्या.) २०१९ च्या डिसेंबरात स्टार प्रवाहवर ती सुरू झाली. मूळ गोष्ट बंगाली 'श्रीमोयी'ची, हिंदीत तिचीच 'अनुपमा' झाली. अरुंधती देशमुख, म्हणजे मधुराणी प्रभुलकर, ही 'समृद्धी' नावाच्या घरातली पंचवीस वर्षं संसार केलेली बाई. तीन मुलं, सासू-सासरे, आणि नवरा अनिरुद्ध, ज्याचं ऑफिसातल्या संजनाशी जमलेलं. हिला ते कळतं, पुढे घटस्फोट होतो, ती घर सोडते, राहून गेलेलं गाणं पुन्हा हातात घेते. कॉलेजातला मित्र आशुतोष भेटतो. २०२३ मध्ये दोघांचं लग्न होतं, आणि २०२४ मध्ये मालिकावाले आशुतोषला मारून टाकतात.

माझी आई सांगलीला असते. वय ७९. मालिका तिकडे संध्याकाळी साडेसातला, म्हणजे इथे इंग्लंडमध्ये हिवाळ्यात दुपारचे दोन. मी ऑफिसात. बरोबर अडीचला फोन वाजायचा आणि आई अख्खा भाग सांगून मोकळी व्हायची. रात्री मी तो बघायची तेव्हा सगळं आधीच माहीत असायचं, तरी बघायची. २०२४ मध्ये मालिका दुपारी अडीचला हलवली, तेव्हा आईचा फोन इथल्या सकाळी साडेनऊला यायला लागला, मीटिंगच्या ऐन मध्ये. तर सांगायचा मुद्दा, की पाच वर्षं मी ही मालिका दोनदा ऐकली-पाहिली, आणि त्याहून जास्त वेळा लोकांच्या तोंडून ऐकली. त्यामुळे कोण केव्हा काय म्हणालं ते माझ्या चांगलं लक्षात आहे.

अरुंधती रडत होती तोवर सगळ्यांची लाडकी होती. सासूची बोलणी खाते, मुलगी तोडून बोलते, नवरा चार लोकांत अडाणी म्हणतो, आणि ही आपली कोणाला चहा, कोणाला पोहे. तेव्हा आमच्या ग्रुपवर रोज डोळ्यांत पाणी. अनिरुद्धला शिव्यांची लाखोली. मिलिंद गवळींना प्रत्यक्षातही लोकांचा राग झेलावा लागला, आणि ती त्यांच्या कामाची पावतीच म्हणायची. घटस्फोट झाला तेव्हाही टाळ्या पडल्या. "शाब्बास, स्वाभिमान दाखवला!" अगदी ज्या काकू एरवी 'हल्लीच्या मुलींना जरा सहन होत नाही' म्हणतात, त्यासुद्धा.

मग आशुतोष आला. अरुंधती त्याच्याशी बोलताना हसायला लागली. आणि आमचं बिनसलं.

"आता या वयात?" "मुलांची लग्नं झाली, नातीची आजी झाली, आता शोभतं का?" "मित्र म्हणून ठीक होता." "लग्न कशाला, तसंच राहायचं की." (हे शेवटचं म्हणणाऱ्या बाईंनी स्वतःच्या मुलाला गोऱ्या मुलीबरोबर 'तसंच' राहू दिलं नव्हतं, पण असो.) गंमत म्हणजे अनिरुद्धने संजनाशी लग्न केलं तेव्हा त्याला नालायक, विश्वासघातकी, सगळं म्हणून झालं, पण 'या वयात' हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. त्याचं वय काय होतं? हिच्यापेक्षा जास्तच असणार ना? पुरुषाचा गुन्हा मोजला आणि बाईचं वय मोजलं.

तुम्ही म्हणाल, आपला समाज दुसऱ्या लग्नाच्या विरुद्धच आहे, त्यात नवीन काय. पण तसंही नाही. 'अग्गंबाई सासूबाई' आठवा. झी मराठी, २०१९ ला सुरू झालेली. निवेदिता सराफांची आसावरी आणि गिरीश ओकांचे अभिजित राजे. त्या लग्नाला हेच सगळे लोक घरचं कार्य असल्यासारखे खूश होते. आमच्याकडे एकीने त्या भागाला श्रीखंड-पुरी केली होती! मग आसावरी चालते आणि अरुंधती का चालत नाही?

मला वाटतं याचं उत्तर अगदी साधं आहे, आणि तितकंच वाईट. आसावरी विधवा होती. तिचा नवरा गेला यात तिचा काही निर्णय नव्हता. शिवाय दुसऱ्या लग्नासाठी पुढाकार सुनेने घेतला, शुभ्राने. म्हणजे आसावरीने स्वतःहून काही मागितलं नाही, दुसऱ्यांनी तिच्या पदरात घातलं. अशी बाई आपल्याला चालते. अरुंधती आधी 'नको' म्हणाली आणि मग 'हवं' म्हणाली. ही दोन्ही वाक्यं बाईने स्वतःच्या तोंडाने म्हटली की ऐकणाऱ्याच्या घशात काहीतरी अडकतं.

(जाता जाता: त्याच मालिकेतला 'बबड्या' आठवतोय ना? लॉकडाऊनमध्ये त्याच्यावर इतके विनोद आले, की ज्याच्या त्याच्या तोंडी बबड्या. लाडावलेल्या मुलाला सगळे हसले. बहुतेक विनोद मला ज्यांनी पाठवले, त्यांची मुलं तिशीत आहेत आणि शर्टाला इस्त्री अजून आईच करते.)

आता दुसरी बाजूही मान्य करते. मालिका वाढवली, ताणली, यात वाद नाही. आशुतोषशी लग्न झाल्यावरही समृद्धीत काही खुट्ट झालं की ही धावत तिकडे. अनिरुद्धने मागे लागणं सोडलं नाही आणि लेखकांनी त्याला सोडवलं नाही. मुग्धा गोडबोलेंचे संवाद चांगले असायचे, कधीकधी फारच चांगले, पण प्रसंगच तेच तेच येत राहिले तर संवाद बिचारे काय करणार. माझी पुण्याची मावसबहीण चिडून म्हणायची, "अगं, घटस्फोट झालाय ना तुझा? मग त्यांचा गॅस सिलिंडर संपला तर तुला काय?" ही टीका मला पटते. ती बाईच्या बाजूने केलेली टीका आहे. 'या वयात शोभतं का' ही वेगळी. आपण दोन्हींना 'मालिका भरकटली' या एकाच पोत्यात घालतो, आणि मग आपल्याला नक्की काय खुपलं ते आपलं आपल्यालाही दिसत नाही.

आशुतोष गेला त्या दिवशी आईचा फोन आला. तिने आधी आशुतोषबद्दल नाक मुरडलं होतं, म्हणून मला वाटलं आता म्हणेल, बरं झालं. ती म्हणाली, "मारलाच शेवटी. सुखानं जगू देतात होय कुणाला." आणि फोन ठेवून दिला. भाग सांगितलाच नाही.

आता जे लिहायचं म्हणून खरं बसले ते लिहिते.

माझी इथली एक मैत्रीण आहे. नाव-गाव सांगत नाही, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. १९९६ मध्ये नवऱ्याच्या व्हिसावर आली. तिकडे बँकेत नोकरी होती, ती सोडून. इथे दोन मुलं वाढवली, सासू-सासरे सहा-सहा महिने यायचे त्यांचं केलं, गणपतीला शंभर माणसांचा मसालेभात करायची. तीन वर्षांपूर्वी तिने घटस्फोट घेतला. संजना वगैरे कोणी नव्हती. मारहाण नव्हती. तिच्या शब्दांत सांगायचं तर, "घरात मला कोणी काही विचारतच नव्हतं गं, मीठ कुठे आहे याशिवाय."

इंग्लंडात २०२२ च्या एप्रिलपासून कायदा बदललाय, घटस्फोटाला कोणावर दोष ठेवावा लागत नाही. कोर्टाने दोष विचारला नाही. आपल्या लोकांनी विचारला. "पण झालं काय नक्की?" "दुसरं कोणी आहे का?" त्यातून नवऱ्याच्या पेन्शनमधला हिस्सा तिला मिळाला, तर बातमी अशी फिरली की तिने त्याला लुबाडलं. ही पेन्शनची वाटणी इथे २००० सालापासून कायद्यात आहे, आणि ती नेमकी अशाच बायकांच्या कामाची आहे, ज्यांनी पंचवीस वर्षं पगाराविना काम केलं. आपल्याकडे भारतात पोटगी असते, पण संसारात जमलेल्या मालमत्तेत बायकोचा आपसूक अर्धा वाटा असा कायदा नाही. अपवाद गोव्याचा, तिथे पोर्तुगिजांच्या वेळच्या नागरी कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. (गोंयकार मंडळींनो, या एका बाबतीत तुम्ही आमच्या पुढे आहात, मासळी सोडून.) मालिकेवर एवढं बोललो आपण, पण अरुंधतीच्या म्हातारपणाच्या पैशांबद्दल कोणी चकार शब्द काढल्याचं मला आठवत नाही. एक बॅग घेऊन निघालेली बाई बघायला बरी वाटते. बॅगेबरोबर हिशेबाची वहीही घेऊन निघाली की तीच बाई हिशेबी होते.

आणि माझं काय? मी तिला लुबाडलं वगैरे म्हटलं नाही. मी फक्त त्या जानेवारीत तिला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मुद्दाम नाही असं मी स्वतःला सांगितलं. यादी करताना हात थांबला, वाटलं, तिलाच अवघडल्यासारखं होईल. पुढच्या वर्षीही तेच.

हे मी का करू नये हे मला सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. बाबा २०११ मध्ये गेले. त्यानंतरच्या संक्रांतीला शेजारच्या वाड्यात हळदीकुंकू होतं आणि आई आतल्या खोलीत तिळाच्या वड्या थापत बसली होती, त्यांच्यासाठीच. तेव्हा मी फोनवर केवढी भांडले होते, शेजारच्या काकूंशी सुद्धा. "तुम्हाला काही वाटत नाही का?" असं तोंडावर विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, तिलाच अवघडल्यासारखं होईल." शब्दाला शब्द तोच.

फराळाच्या त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी मी मैत्रिणीला फोन केला. इकडचं तिकडचं झालं, मग विचारलं, तू बघायचीस का गं अरुंधतीची मालिका? म्हणाली, बघायची की. मी विचारलं, लग्न केलं ते पटलं का तुला? तिला मी नेहमीच्या दोन बाजूंपैकी एका बाजूला बसवायला बघत होते. ती म्हणाली, "मला ना, ती घर सोडून एकटी राहायला लागली ते दिवस आवडले होते. रडायचं संपलं होतं आणि लग्न अजून ठरलं नव्हतं. त्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही." मी गप्प. खरंच आमच्यात कोणीच बोललं नव्हतं. आधी आम्ही रडत होतो आणि नंतर भांडत होतो. मधल्या त्या दिवसांत आमच्या ग्रुपवर बहुतेक पाककृती चालल्या होत्या.

मग तिने तिच्या फ्लॅटचं सांगितलं. एक बेडरूम, स्टेशनजवळ. सकाळी एक कप चहा करते तो पूर्ण गरम पिते म्हणाली. पुन्हा लग्नाचा विचार आहे का, हे मी विचारलं नाही. जिभेवर आलं होतं.

या जानेवारीच्या यादीत तिचं नाव पहिलं लिहिलंय. एका वहिनींनी भुवया उंचावल्या, त्यांना सांगितलं की माझ्या घरचं आहे, यादी माझी. आईलाही व्हिडिओवर बसवणार आहे, सांगलीहून, कुंकू लावून. ती "काहीतरीच तुझं" म्हणालीये, पण कुठली साडी नेसू हेही विचारून घेतलं.

मैत्रिणीला बोलावणं केलं तर ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "येईन. तिळगूळ घेईन. पण वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे देणार असशील तर नको हं, नव्या घरात कपाटं छोटी आहेत."

डबेच आणले होते. बदलून आणते.

चु. भू. द्या. घ्या.

आपली,
मिडलँड्सहून एक सभासद