आशाताई सहा वेळा, मावशी चाळीस वेळा

मागच्या हिवाळ्यात माझी लेक बाळंतपणाला अकोल्याला माझ्याकडे आली होती. दवाखान्यातून घरी आलो, अन् दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसातला मालिशवाली मावशी दारात हजर. आमच्या भागातली निम्मी लेकरं तिच्याच हाताखालून गेलेली. सव्वा महिना बाळाची अन् बाळंतिणीची मालिश, आंघोळ, शेक, धुरी असं सगळं बोलणं झालं होतं.

मावशी पाय लांब करून बसली, नातीला पायावर घेतलं, तेल लावलं. तोवर पोरगी मजेत होती. मग मावशीनं चिमटीत नाक धरून वर ओढलं. डोकं दोन्ही तळव्यांत दाबून गोल केलं. अन् नंतर तिची इवलीशी छाती दोन बोटांत धरून पिळली. लेकरू लालबुंद होईस्तोवर रडलं.

मी म्हटलं, "मावशी, हे काऊन करता वो?"

"बाई, हे दूध आताच काढलं नाही तं मोठेपणी गाठी होतात. पोरीच्या जातीचं तं काढाच लागते."

"अन् नाक?"

"नाक नाही दाबलं तं फेंदारं राह्यते. मंग लग्नाच्या वक्ती तुम्हीच म्हणसान, मावशीनं ध्यान नाही देल्लं."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट, लेकराच्या रडण्याकडे पाहून हात थांबवला तर आपण कामचुकार ठरू, असं तिला प्रामाणिकपणे वाटत होतं. जे मनात पक्कं बसलेलं तेच हात करतो. अन् खरं सांगते, याच लेकीच्या जन्मानंतर माझ्याही घरी हेच झालं होतं. मी बाजूला बसून पाहत होते. मलाही तेच खरं वाटत होतं.

पाचव्या दिवशी मावशीनं पोरीला खिडकीजवळ उजेडात नेलं. कपाळाची कातडी बोटानं दाबून सोडली. म्हणाली, "बाई, पोरगी पिवळी दिसून राह्यली."

घरात आम्ही चार शिकलेली माणसं. दिवसभर मोबाईलमध्ये तिचे फोटो काढत होतो, पण कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मावशीच्या आलं. पण पुढचं वाक्य ऐका. "घाबरू नका. मी माळ आणून देतो काविळीची. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते."

नजर शंभर टक्के बरोबर, अन् उपाय साफ चुकीचा. नवजात बाळाची कावीळ बऱ्याचदा आपोआप जाते हे खरं, पण ती फार वाढली तर मेंदूला कायमची इजा करू शकते. माळेच्या भरवशावर बसायची ही गोष्ट नव्हे. आम्ही तडक बालरोगतज्ज्ञाकडे गेलो. मावशीलाही ऑटोत बसवून सोबत नेलं. पोरीला दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं, अन् ती सुखरूप घरी आली.

डॉक्टर भला माणूस निघाला. त्यांनी मावशीलाच खुर्ची दिली अन् म्हणाले, "तुम्ही ओळखलं म्हणून लेकरू वेळेवर आलं." मग हळूच छातीचा विषय काढला. आईच्या शरीरातल्या हार्मोनमुळे मुलगा असो की मुलगी, काही बाळांची छाती थोडी सुजते, कधी थेंबभर दूधही येतं. काही आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. पिळलं तर जंतू शिरून पू होऊ शकतो. नाकाचा आकार दाबून बदलत नाही. जन्मताना लांबट झालेलं डोकं आपसूक गोल होतं. टाळू तेलानं भरत नाही, तिथलं हाड दीड वर्षापर्यंत आपोआप जुळतं. कानात-नाकात तेल घालू नका, नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. नाळ कोरडी ठेवा. धुरीचा धूर त्या एवढ्याशा छातीला झेपत नाही. हलक्या हाताची मालिश मात्र जरूर करा.

मावशीनं एकच विचारलं, "मंग इतके वर्सं मी पिळून राह्यली, त्याचं काय जी?"

डॉक्टर काही बोलले नाहीत. परतताना ऑटोत मावशीही गप्प होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं छातीला बोट लावलं नाही. नाकाचा मोह काही सुटला नाही, पण आता नुसतं तेलाचं बोट फिरवून सोडते. आता दुसऱ्या घरी गेली की तीच सांगते, "पिळाचं नसते बाई, पू होते."

आता कोणी म्हणेल, हा अडाणी बायांचा प्रश्न आहे. तसं नाही. माझ्या यजमानांची कंबर धरली होती, तेव्हा एका चांगल्या शिकलेल्या उपचार करणाऱ्यानं पाठ चोळता चोळता सांगितलं, "तुमचा मणका सरकलाय, आता जपून राहा, वाकू नका." हे वर्षभर वाकले नाहीत. बागकाम सुटलं, दुखणं मात्र राहिलं. पुढे दुसऱ्यानं चालायला लावलं तेव्हा मोकळे झाले. कंबरदुखीवरच्या अभ्यासांचा एक आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसलं, की उपचार करणाऱ्याच्या मनात हालचालीची भीती असेल तर रुग्णालाही ती भीती असते. म्हणजे पदवी असो नसो, चोळणाऱ्याच्या हातातून तेल अंगात किती मुरतं ते देव जाणे, पण त्याचा समज मात्र नक्की मुरतो.

अन् हेच टोकाला गेलं की काय होतं, ते आपल्याच अमरावती जिल्ह्यानं पाहिलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यात, अवघ्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्यानं ६५ चटके दिल्याची बातमी आली. पोट फुगलं की 'डंबा' द्यायचा, ही तिथली जुनी समजूत. आपण सपाटीवरच्या लोकांनी ती बातमी वाचून हळहळ व्यक्त केली, 'काय हे मागास लोक' म्हटलं, अन् पेपर घडी करून ठेवला. चटके अन् चिमटी एका मापात तोलायची नाहीत, हे मलाही कळते. पण 'लेकराला दुखलं तरी चालेल, त्याच्या भल्याचंच आहे' हा समज दोन्हीकडे एकच आहे.

राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चटके देणाऱ्यावर तो लागलाच पाहिजे. पण बाळाचं नाक ओढणाऱ्या मावशीवर कोणता कायदा लावणार? तिथे शिकवणंच कामाचं. अन् शिकवलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय अन् राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, अन् त्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं तो अभ्यास छापला. त्याच वाटेनं २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी जातात.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईच्या भेटी ठरलेल्या आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा अन् बेचाळिसावा दिवस. एकूण सहा. मालिशवाली मावशी येते रोज, चाळीस दिवस. बाळाला उघडं करून डोक्यापासून तळपायापर्यंत रोज पाहणारी ती एकटीच. जिला सहा वेळा यायचं तिला प्रशिक्षण आहे. जी चाळीस वेळा येते तिला कोणी काही विचारत नाही, सांगत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. अमरावतीचं डफरीन, अकोल्याचं लेडी हार्डिंग, अन् आपले सगळे खाजगी प्रसूतिगृहवाले, यांनी सुटी देताना घरच्यांना सांगावं, 'मालिशवालीला एकदा घेऊन या.' अर्धा तास लागेल. काय करायचं, काय नाही, अन् कोणती लक्षणं दिसली की लगेच दवाखाना गाठायचा, एवढंच. दोन्ही महानगरपालिकांनी वर्षातून एकदा या बायांना बोलावून एक दिवसाचं शिबिर घ्यावं. त्या दिवसाची मजुरी द्यावी, कारण दिवस बुडवून कोणी येणार नाही.

अन् थोडं आपल्यालाही. नाक सरळ पाहिजे, रंग उजळ पाहिजे, बेसन लावून लव काढा, हे मावशीला सांगते कोण? आपणच. तिचे समज तिनं एकटीनं तयार केलेले नाहीत, आपल्या घराघरांतून तिनं ते गोळा केलेत. आणखी एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितेच. कितीक घरी मावशीचा हात लेकराच्या अंगावर चालते, पण तिचा चहाचा कप वेगळा असते. जिला आपण बरोबरीनं बसवत नाही, तिनं आपलं ऐकावं असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? आमच्या मावशीला डॉक्टरांचं पटलं, कारण त्यांनी आधी खुर्ची दिली अन् मग समजावलं.

तुमच्याकडे सध्या बाळंतीण असेल तर उद्या सकाळी मावशीच्या शेजारी बसा. रागावू नका. 'हे काऊन करता?' एवढंच विचारा, अन् पूर्ण ऐकून घ्या. काय सांगितलं ते खाली नक्की लिहा.