तासाला १२० ग्रॅम साखर कोणासाठी?

टूर द फ्रान्ससारख्या शर्यतीत आघाडीचे सायकलपटू आता तासाला १०० ते १२० ग्रॅम कर्बोदके घेतात. १२० ग्रॅम म्हणजे चहाचे सुमारे २४ चमचे साखर, तीही दर तासाला, चार-पाच तास. काही वर्षांपूर्वी तासाला ६० ग्रॅम ही मर्यादा मानली जात होती. हा नवा आकडा आता हौशी धावपटूंपर्यंत पोहोचला आहे आणि अर्धमॅरेथॉनला उतरणारेही कमरेच्या पट्ट्यात जेलची पाकिटे खोचू लागले आहेत.

कर्बोदकांची गरज खरी आहे. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे सुमारे २००० कॅलरी साठवतात. चरबीचा साठा कितीतरी मोठा; पण तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी प्राणवायू जास्त लागतो. १९२४च्या बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी काही धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा गळून गेलेल्यांची रक्तशर्करा बरीच खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी वाटेत गोळ्या-चॉकलेट दिल्यावर चित्र बदलले. चरबीवर धावण्याचा पर्यायही तपासून झाला आहे. ऑस्ट्रेलियात जागतिक दर्जाच्या चालपटूंवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्निग्ध आहार घेणाऱ्यांचे शरीर चरबी भरपूर जाळू लागले. पण त्यांची १० किलोमीटरची वेळ सुधारली नाही. कर्बोदके घेणाऱ्यांची सुधारली.

मग ६० ग्रॅमची मर्यादा कुठून आली? ती आतड्यातून. ग्लुकोज आत नेणारी वाहक प्रथिने तासाला साधारण ६० ग्रॅमनंतर अपुरी पडतात. फ्रुक्टोजची वाट वेगळी असल्याने दोन्ही एकत्र दिल्यास ९० ग्रॅमपर्यंत शोषण होते. आजच्या जेलचे गणित यावरच उभे आहे. त्यापुढे १२० ग्रॅम घेतल्याने स्नायूंची झीज कमी होते, असे एका स्पॅनिश अभ्यासात डोंगरी मॅरेथॉनच्या निष्णात धावपटूंमध्ये दिसले. पण ९०वरून १२०वर गेल्याने वेळ खरोखर घटते, याचे पुरावे विरळ आहेत. सायकलपटूंचा वेग वाढला याचे सगळे श्रेय साखरेला देणे म्हणजे सायकली, टायर आणि सराव विसरणे होय.

हौशी धावपटूची अडचण आणखी वेगळी. पाच तासांत मॅरेथॉन पुरी करणाऱ्याचे शरीर व्यावसायिकाच्या मानाने दर तासाला बरीच कमी कर्बोदके जाळते. न शोषलेली साखर आतड्यात पाणी ओढते. पोट फुगते, कळा येतात, जुलाब होतात. मुंबईच्या दमट हवेत आतड्याचा रक्तपुरवठा आधीच घटलेला असतो. पेडर रोडचा चढ परतीच्या टप्प्यात येतो. तिथे थांबणाऱ्यांत साखर संपलेले असतात, तसे पोट बिघडलेलेही.

मान्य शिफारसी साध्या आहेत. एक ते अडीच तासांच्या श्रमाला तासाला ३० ते ६० ग्रॅम, त्याहून लांब पल्ल्याला ९० ग्रॅमपर्यंत. तासाभराच्या धावण्याला सहसा काहीच लागत नाही. गंमत अशी की, तासाभराच्या जोरदार सायकल चाचणीत कर्बोदकांच्या पाण्याने नुसती चूळ भरूनही वेळ सुधारल्याचे २००४ साली दिसले. साखर पोटात गेली नव्हती. मेंदूला चव मात्र मिळाली होती.

महागड्या पाकिटांना घरचा पर्यायही आहे. आपल्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे-निम्मे असते. अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि लिंबू हे मिश्रण बाजारातल्या क्रीडापेयाच्या जवळ जाते. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदके असतात. मात्र मधुमेह असलेल्यांनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, हे प्रमाण डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. इतरांनीही शर्यतीच्या आधी काही आठवडे लांब सरावात तेच पेय, त्याच प्रमाणात घेऊन पाहावे. आतड्यालाही सराव करून सवय लावता येते, पण शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नव्हे.