गाठ तीच, आकडा निराळा

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात नागालँडमधून पुण्यास शिकावयास आलेला एक विद्यार्थी होता. सत्राच्या मध्यावर तो रजेचा अर्ज घेऊन आला. वडिलांच्या नाकामागील पोकळीत, वैद्यकाच्या भाषेत नासाग्रसनीत, कर्करोग निघाला होता आणि तिकडच्या रुग्णालयाने दिलेल्या कागदावर निदानापुढे ‘चौथी अवस्था’ एवढे दोनच शब्द होते. घरात चर्चा चालली होती ती उपचार कोठे करावेत याची नव्हे, तर मुळात करावेत की नाही याची. चौथीच्या पुढे पाचवी नाही, एवढे गणित कोणालाही कळते. पुढे गुवाहाटीस दाखविल्यावर निष्पन्न झाले ते असे की, गाठी मानेच्या खालच्या भागापर्यंत उतरल्या असल्या तरी शरीरात अन्यत्र रोग कोठेही पोहोचलेला नव्हता. तो समूळ घालविण्याचे उद्दिष्ट ठेवून किरणोपचार आणि औषधे देता येणार होती. मधले दोन महिने मात्र गेले ते गेलेच.

हा रोग महाराष्ट्रात विरळा. दक्षिण चीन, हाँगकाँग, आग्नेय आशिया हे त्याचे खरे माहेर. आपल्या देशात तो प्रामुख्याने ईशान्येकडे, त्यातही नागालँडमध्ये, आढळतो. एपस्टाइन-बार या विषाणूशी त्याचे निकटचे नाते आहे. जागा अशी अडचणीची, की शस्त्रक्रियेला वाव थोडा आणि मुख्य भिस्त किरणोपचारांवर. कान बंद होणे, नाकातून रक्त येणे, या तक्रारी अंगावर काढल्या जातात. पुष्कळदा रोगी डॉक्टरकडे जातो तो मानेत गाठ हाताला लागल्यावर.

कर्करोगाच्या अवस्था ठरविण्याची जी पद्धती आज सर्वत्र रूढ आहे, तिचा पाया फ्रान्समधील पिएर देन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात घातला. मूळ गाठ (टी), लसिकाग्रंथी (एन) आणि दूरवरचा प्रसार (एम) ही तिची तीन अंगे. त्यांच्या जुळणीतून अवस्थेचा क्रमांक निघतो. परंतु नासाग्रसनीच्या बाबतीत पाश्चात्त्यांची मोजपट्टी पूर्वेकडे नीट बसेना. मानेतील गाठ केवढी आहे, हे पाश्चात्त्य पाहत. हाँगकाँगचे डॉ. जॉन हो यांनी हजारो रोगी तपासून असे प्रतिपादन केले, की गाठ केवढी यापेक्षा ती मानेत किती खाली उतरली, हे अधिक महत्त्वाचे आहे. त्यांच्या पद्धतीत अवस्था चार नव्हत्या, पाच होत्या. १९९७ च्या पाचव्या आवृत्तीत या दोन परंपरांचा समझोता झाला.

या समझोत्याचा आणि त्यानंतरच्या सुधारणांचा अर्थ एका उदाहरणाने पाहू. मूळ रोग नासाग्रसनीपुरता मर्यादित, आणि मानेच्या वरच्या भागात एका बाजूस अडीच सेंटिमीटरची एकच गाठ. १९८७ च्या आवृत्तीनुसार हा रोगी तिसऱ्या अवस्थेत होता. १९९७ साली तो दुसऱ्या अवस्थेत आला. अमेरिकन संयुक्त समितीने जानेवारी २०२५ पासून लागू केलेल्या नवव्या आवृत्तीत तो पहिल्या अवस्थेच्या दुसऱ्या पोटविभागात बसतो. रोगी तोच, गाठ तीच. तिसरा, दुसरा, पहिला.

हा केवळ नावांचा खेळ मानणे चूक होईल. १९९८ साली अमेरिकेतील एका गाजलेल्या चाचणीने दाखविले, की नुसत्या किरणोपचारांनी तीन वर्षांनंतर ४७ टक्के रोगी हयात होते, तर जोडीला औषधे दिल्यावर ७८ टक्के. चाचणीतील रोगी तिसऱ्या व चौथ्या अवस्थेतले होते; पण कोणत्या तिसऱ्या? जुन्या पट्टीवरच्या. निष्कर्ष हाती आला तेव्हा पट्टी बदलून वर्ष झाले होते, आणि वर वर्णिलेला रोगी नव्या नियमाने त्या निष्कर्षाच्या कक्षेबाहेर गेला होता. त्याला विषारी औषधे द्यावयाची की नाहीत, हा प्रश्न कागदावरच्या आकड्याने सुटणारा नव्हता.

सरासरीचा एक चमत्कार आम्ही अर्थशास्त्राचे शिक्षक वर्गात सांगतो. ‘अ’ तुकडीत तीन विद्यार्थी, गुण ६०, ८० आणि ८५, सरासरी ७५. ‘ब’ तुकडीत दोन, गुण ४० आणि ५०, सरासरी ४५. आता ६० गुणांचा विद्यार्थी ‘अ’मधून ‘ब’मध्ये धाडा. ‘अ’ची सरासरी साडेब्याऐंशी होते, ‘ब’ची ५०. दोन्ही तुकड्या सुधारल्या आणि कोणी एक धडाही जास्त वाचलेला नाही! (मुख्याध्यापकांनी हे वाचून भलतेच काही मनावर घेऊ नये.) ओक्लाहोमाचे शेतकरी कॅलिफोर्नियात गेल्याने दोन्ही राज्यांची बुद्धिमत्ता वाढली, अशी एक थट्टा अमेरिकन विनोदकार विल रॉजर्स यांच्या नावे सांगतात. १९८५ साली येल विद्यापीठाचे ॲल्व्हन फाइनस्टाइन व त्यांचे सहकारी यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत नेमके हेच दाखवून दिले. नव्या यंत्रांनी पूर्वी न दिसणारा प्रसार दिसू लागला, असे रोगी वरच्या अवस्थेत ढकलले गेले, आणि प्रत्येक अवस्थेतील आयुर्मान वाढल्यासारखे भासले.

नवव्या आवृत्तीत प्रवाह उलटा आहे. पूर्वीची दुसरी अवस्था पहिलीत सामावली, तिसरी दुसरी झाली, प्रसार न झालेली चौथी तिसरी झाली. चौथी उरली ती केवळ दूरवर पसरलेल्या रोगासाठी. म्हणजे ६० गुणांचा विद्यार्थी परत ‘अ’मध्ये आला आणि दोन्ही सरासऱ्या घसरल्या. आकड्यास आकडा लावून पाहणाऱ्यास चारही अवस्थांचे निकाल एकाएकी खालावल्याचे दिसेल. उद्या तसा मथळा छापून आला, तर नवल वाटावयास नको.

तरीही ही सुधारणा मला योग्य वाटते. किरण नेमक्या जागी सोडण्याचे तंत्र सुधारल्यामुळे पूर्वीच्या भेदांपैकी कित्येक आता निकालात उतरत नाहीत. उपचार बदलले की मोजपट्टीही जुनी होते. शिवाय ज्याचा रोग अद्याप बरा होण्याजोगा आहे, त्याच्या कपाळी ‘चौथी’ लिहिणे थांबले, हे काय थोडे झाले? माझ्या त्या विद्यार्थ्याचे वडील आज तिसऱ्या अवस्थेत गणले गेले असते.

माझी तक्रार निराळी आहे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे पायाभूत वर्ष १९८२ वरून २००१ आणि पुढे २०१६ झाले, तेव्हा सरकारने प्रत्येक वेळी जोडगुणक जाहीर केला: आधी ४.६३, नंतर २.८८. त्यामुळे महागाई भत्त्याचा हिशेब तुटला नाही, आणि तुटला असता तर कर्मचारी संघटनांनी तो खपवूनही घेतला नसता. रोग्याच्या कागदाला असा जोडगुणक मिळत नाही. अर्थात एका आकड्याने तो मिळणारही नाही. मूळ टी, एन, एम आणि गाठीचे माप व जागा लिहून ठेवली असेल, तरच जुना रोगी नव्या पट्टीवर मोजता येतो. नुसता क्रमांक लिहिणे म्हणजे किमती फेकून देऊन निर्देशांक तेवढा जपणे होय.

दुसरी अडचण साधनांची. ग्रंथीचे आवरण फोडून रोग भोवतालच्या स्नायूंत अथवा त्वचेत शिरला आहे काय, याला नवव्या आवृत्तीत निर्णायक स्थान आहे, आणि ते ठरवावयाचे प्रतिमा पाहून. जेथे एमआरआय यंत्र नाही, तेथे तोच रोगी खालच्या अवस्थेत नोंदला जाण्याचा संभव आहे. रक्तातील विषाणूच्या डीएनएचे मोजमाप ही खरोखर आशेची बाब आहे. हाँगकाँगमध्ये वीस हजारांवर पुरुषांची अशी चाचणी झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार सापडलेल्या रोग्यांपैकी ७१ टक्के पहिल्या दोन अवस्थांत होते, एरवी हे प्रमाण २० टक्के असे. परंतु निरनिराळ्या प्रयोगशाळांची मापे एकमेकींशी जुळविल्याखेरीज तिला अवस्थेच्या गणितात घेणे म्हणजे पुन्हा नवा गोंधळ.

तेव्हा रुग्णालयांनी निदानाच्या कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: टी, एन, एम यांची मूल्ये, वापरलेली आवृत्ती, तपासणी कोणत्या यंत्रावर झाली ते, आणि रोग्याच्या भाषेत एक ओळ, की उपचार बरे करण्यासाठी आहेत की केवळ त्रास कमी करण्यासाठी. यास नवे यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही. कागदावर जागा आहे. त्या विद्यार्थ्याने दाखविलेला कागद तीन चतुर्थांश कोराच होता.