टॉर्च आहे ना?

ऑनसाइट आलेल्या माणसाचे सोमवार ते शुक्रवार मस्त जातात. खरी बोंब शनिवारची. कपडे धुवा, घरी आईला फोन करा, आठवड्याची डाळ शिजवून फ्रीजमध्ये टाका, संपला वीकेण्ड! मँचेस्टरमध्ये तीन महिने असे काढल्यावर ऑफिसातला एक जण म्हणाला, ‘आमच्या रॅम्बलिंग क्लबबरोबर चल, मूरवर जातोय.’ रॅम्बलिंग म्हणजे नुसतं भटकणं. मी मनात हसलो. राजमाची, हरिश्चंद्रगड केलेल्या माणसाला भटकणं काय शिकवताय?

डिसेंबरातली सकाळ. पिकॅडिली स्टेशनवरून पाऊण तासात ईडेल. आम्ही तेरा जण, मी सोडून सगळे पन्नाशीपुढचे. लीडर सत्तरीच्या आजी, निवृत्त शिक्षिका. स्टेशनबाहेरच त्यांनी झडती घेतली. वॉटरप्रूफ? फ्लास्क? हेडटॉर्च? मी तिन्हींना ‘येस’ म्हणालो. टॉर्च नव्हता. पण मोबाइलला असतो की! आणि सकाळी दहा वाजता टॉर्च कशाला?

जेकब्ज लॅडरच्या दगडी पायऱ्या चढेपर्यंत आपण राजे होतो. वर मूर सुरू झालं. मूरला मराठीत नेमका शब्द नाही. थोडं पठार, थोडा माळ, थोडी दलदल, अशी भेळ. ऑगस्टमध्ये इथे हेदर फुलतं तेव्हा कासची आठवण यावी असा जांभळा रंग असतो म्हणे. डिसेंबरात सगळं कॉफीच्या रंगाचं. मध्येच एक पांढराशुभ्र ससा पळाला. इथला डोंगरी ससा हिवाळ्यात रंग बदलतो. बर्फ नसलेल्या डोंगरावर बिचारा लांबूनच दिसत होता.

आणि खाली पीट. हजारो वर्षं साचत आलेला, धड न कुजलेल्या शेवाळाचा काळा थर. फोटो काढायला मी वाट सोडली आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत आत. दोन आजोबांनी ओढून काढलं. बूट कसाबसा मिळाला, बोटं मात्र बधिर.

किंडर स्काउट हे त्या डोंगराचं नाव. उंची फक्त ६३६ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्मीही नाही. पण २४ एप्रिल १९३२ ला इथे चारेकशे जण बंदी मोडून चढले होते. बहुतेक मँचेस्टर परिसरातली कामगार पोरं. आठवडाभर काम, एकच रविवार सुट्टी, आणि समोरचा डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. म्होरक्या बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. इंग्लंड-वेल्समध्ये अशा मोकळ्या माळावर फिरण्याचा हक्क कायद्याने मिळाला तो २००० साली. म्हणजे माझा आयता वीकेण्ड कुणीतरी जेलमध्ये जाऊन कमावलेला!

दीड वाजता किंडर लोला पोचलो तेव्हा धुकं उतरत होतं. या दिवसांत इथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आजी म्हणाल्या, ‘टॉर्च आत्ताच बाहेर काढून ठेवा.’ मी मोबाइल काढला. थंडीने बॅटरी गार, स्क्रीन काळा.

मग सांगावंच लागलं.

आजी रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. त्यांनी स्वतःचा जादाचा टॉर्च माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना शांतपणे सांगितलं, ‘जादा टॉर्च आता उरला नाही, एकाचा पाय ओला आहे. धबधबा रद्द. आल्या वाटेने परत.’ किंडर डाउनफॉल बघायलाच तर सगळे आले होते! कुणी हूं की चूं केलं नाही. एका आजोबांनी सुके मोजे दिले, दुसऱ्यांनी फ्लास्कमधला चहा. उतरताना आजी माझ्याबरोबर चालत होत्या. म्हणाल्या, ‘सकाळी नाही म्हणाला असतास तर स्टेशनवरच सोय केली असती. तुझ्याकडे काय नाही हे कळलं तर प्लॅन करता येतो.’

बारा जणांचा धबधबा माझ्या एका ‘येस’पायी गेला होता.

सोमवारी पुण्याबरोबर कॉल. ‘शुक्रवारी डिलिव्हरी होईल ना?’ सगळ्यांनी नेहमीप्रमाणे येस म्हटलं. तुम्हीही म्हणता, मला माहितीये. माझी पाळी आली तेव्हा गुडघ्यापर्यंतचं ते गार पीट आठवलं. म्हटलं, ‘नाही सर. माझ्या भागाला अजून दोन दिवस लागतील.’ पलीकडे बराच वेळ सामसूम. मग कुणीतरी कॅलेंडर उघडलं आणि तारखा पुन्हा मांडायला घेतल्या.

कौतुक वगैरे काही झालं नाही. पण संध्याकाळी दुकानात जाऊन हेडटॉर्च घेतला. क्लबची पुढची वारी जानेवारीत आहे. तेवढा धबधबा देणं लागतो मी.