गांवचें देणें

आपल्या गांवासाठीं कांहीं तरी करावें अशी इच्छा ज्यास कधींच होत नाहीं, असा शेतकरी आमच्या पाहण्यांत नाहीं. मात्र ती इच्छा बहुधा एकाच वाटेनें जाते. चार सालें पीक बरें आलें, मुलगा नोकरीस लागला, कीं मनुष्य वेशीवर कमान उभारण्याची किंवा देवळाच्या सभामंडपास फरशी बसविण्याची भाषा बोलूं लागतो. आणि तितका पैका गांठीं नसला, तर 'आमच्यानें काय होणार?' असें म्हणून स्वस्थ बसतो. कमानीस आमचा विरोध नाहीं. परंतु ज्या वेशीवर लाखांची कमान उभी आहे, तिच्याच आंत एखादी विधवा पतीच्या पश्चात् सातबाऱ्यावर आपलें नांव लागावें म्हणून कागदाचें पुडकें पदराखालीं धरून वर्षानुवर्षें फिरत असते, हेंही आम्हीं पाहिलें आहे. तिला हवी असलेली मदत करण्यास कवडीचाही खर्च नाहीं. तिला हवा आहे तो लिहितां-वाचतां येणारा, थोडी पत असलेला आणि अर्धा तास मोकळा असलेला शेजारी. या मासिकाचा प्रत्येक वाचक असा शेजारी आहे, म्हणून हे चार शब्द लिहिण्याचें धाडस करितों.

आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें. महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी करून आम्ही निवृत्त झालों. त्या अनुभवावरून एवढें सांगतों कीं, खेड्यांतील गरीब मनुष्य कायद्यानें जितका नाडला जातो, त्याच्या कितीतरी पट तो कागद न वाचल्यामुळें नाडला जातो.

वारसाचीच गोष्ट घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४९ प्रमाणें, वारसानें जमिनीवर हक्क आला असतां तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. (तलाठ्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडीं जुनें नांवच आहे, तेंच आम्ही ठेवितों.) वर्दी तोंडी दिली तरी चालते, आणि तिची लेखी पोहोच तलाठ्यानें दिलीच पाहिजे. पुढें कलम १५० प्रमाणें फेरफार नोंदवहींत नोंद होते, तिची नक्कल चावडींत लागते, संबंधितांस नोटिसा जातात, आणि कोणाची हरकत नसल्यास मंडल अधिकारी ती नोंद प्रमाणित करितो. सरळ काम आहे. मुदत टळली म्हणून वारसाचा हक्क बुडतो असेंही नाहीं. मग हीं कामें वर्षानुवर्षें कां पडून राहतात? मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करावयाची असते आणि दाखल्याची पहिली प्रत फुकट मिळते, हें दुःखाच्या घरांत कोणास सुचत नाहीं. वर्दीची पोहोच मागावी, हें ठाऊक नसतें. आणि घरचा कर्ता पुरुष 'बघूं सुगीनंतर' म्हणतो.

आमच्या नोकरींत आलेलें एक प्रकरण सांगतों. एका गांवीं दोघां भावांच्या सामाईक खात्यांतील धाकटा भाऊ वारला. मागें बायको व दोन अज्ञान मुलें. थोरला भाऊ वाईट नव्हता. भावजयीस धान्य वेळेवर पोंचवीत असे. पण वारसाची वर्दी त्यानें दिली नाहीं, आणि बाई त्याच्या भरंवशावर राहिली. पुढें नऊ वर्षांनीं तोही गेला. त्याच्या मुलांनीं आपलीं नांवें लावून घेतलीं. बाईच्या हिश्शावर मात्र नवऱ्याचेंच नांव. मेलेल्या माणसाच्या नांवावर सोसायटी कर्ज देत नाहीं, अतिवृष्टीची मदत त्याच्या खात्यावर जमा होत नाहीं, आणि केंद्र सरकारच्या किसान सन्मान निधीचे वर्षांतून तीन वेळां येणारे दोन दोन हजार रुपयेही येत नाहींत. बाई कसत होती, राबत होती, आणि कागदोपत्रीं ती कोणीच नव्हती. अखेरीस गांवांतल्या एका निवृत्त शिक्षकानें तिला समोर बसवून घेतलें, कुटुंबांतील सर्व वारसांचीं नांवें, वयें व नातीं एका कागदावर मांडलीं, मृत्यूचा दाखला व आठ-अचा उतारा जोडून अर्ज लिहिला आणि पोहोच घेतली. नोंद यथाकाल झाली. त्या शिक्षकाचा सबंध खर्च म्हणजे एक कोरा कागद आणि अर्धी सकाळ.

असा अर्धा तास गांवास देण्याची रीत पडावी, एवढेंच आमचें मागणें आहे. बाजारचा दिवस सोडून आठवड्यांतील एक ठराविक वार धरावा, चावडीच्या किंवा देवळाच्या ओट्यावर तासभर बसावें, आणि ज्यास कागद वाचून घ्यावयाचा असेल त्यानें यावें. गांवांत वाचणारे पांच असले, तर पाळी लावतां येईल. महिन्यांतून एकेकाच्या वांट्यास एखादाच तास येतो. नोटीस आली आहे, ती कशाची? बँकेचें पत्र आहे, त्यांत मुदत कोणती? विम्याच्या पावतीवर गट नंबर बरोबर आहे काय? प्रश्न याच मासल्याचे असतात. त्यांस वकील लागत नाहीं.

या कामांत कांहीं पथ्यें मात्र कडक पाळावीं लागतात, आणि येथें आम्ही थोडें लांबण लावूं, कारण चांगल्या हेतूनें सुरू झालेलें काम याच ठिकाणीं नासतें. दुसऱ्याचा मूळ कागद आपल्या घरीं ठेवूं नये. एका रात्रीसाठींही नाहीं. कोऱ्या कागदावर अंगठा कधींच घेऊं नये. मजकूर पुरा लिहून दोनदां मोठ्यानें वाचून दाखवावा, मग अंगठा, आणि वाचून दाखविल्याचा शेरा खालीं लिहावा. मोबाइलवर येणारा परवलीचा आंकडा विचारूं नये, सांगितला तरी लक्षांत ठेवूं नये. जेथें दोन भाऊ भांडत असतील, तेथें अर्ज लिहून द्यावा तर दोघांनाही, नाहीं तर कोणासच नाहीं. आणि चहादेखील घेऊं नये. हें शेवटचें ऐकून कोणी हसेल. पण तीस वर्षांत आम्हीं असें पाहिलें आहे कीं, चहापासून सुरू झालेली गोष्ट चहावर थांबत नाहीं.

मोबाइलचा विषय निघाला म्हणून सांगतों. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतःच मोबाइलवरून करावी अशी ई-पीक पाहणीची पद्धत सुरू झाली. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करतां येते. म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन पिकाचें छायाचित्र घेणें व नोंद चढविणें हें दहा मिनिटांचें काम. तें राहिलें, तर हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीन किंवा तूर नेतांना सातबाऱ्यावर पीक दिसत नाहीं, आणि माल व्यापाऱ्याच्या भावानें विकावा लागतो. आपल्या घरांतील शाळकरी मुलगीही हें काम करूं शकेल; किंबहुना तीच अधिक चांगलें करील.

आतां आम्ही जें सांगणार, तें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस रुचणार नाहीं. कागद वाचून दाखविण्याची सर्वांत मोठी गरज आपल्या ओट्यावर नसून आपल्या माजघरांत आहे. बहिणीस भाऊबीजेला बोलावावें, साडी द्यावी आणि दुसऱ्या दिवशीं गाडींत बसवून हक्कसोडपत्रावर सही घ्यावी, हा प्रकार चांगल्या चांगल्या घरांत चालतो. सही करतांना तिला कागदांत काय आहे हें कितीजण वाचून दाखवितात? पूर्वीं बहिणींचीं नांवें 'इतर हक्क' या सदरीं टाकण्याचा प्रघात होता. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि केंद्रानें २००५ सालीं हिंदु वारसा कायद्यांत दुरुस्ती करून वडिलार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच हिस्सा दिला. बाप २००५ पूर्वीं वारला असला तरी मुलीचा हक्क जात नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. बहिणीनें आपल्या खुषीनें हक्क सोडला, तर कोणी आड येत नाहीं. पण खुषी कशास म्हणावयाचें? कागद भाऊ समोर नसतांना, तिच्या विश्वासांतल्या माणसानें तिला वाचून दाखवावा. तिनें दोन दिवस विचार करावा. नोंदणी झाल्यावर तो सहज मागें घेतां येत नाहीं, त्यासाठीं दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते, हें तिला समजावें. आणि मग तिनें सही करावी. जो शेतकरी स्वतःच्या बहिणीच्या बाबतींत इतकें करील, त्याच्यापाशीं गांवांतील दुसऱ्या बायका कागद घेऊन निर्धास्त येतील. जो करणार नाहीं, त्यानें ओट्यावर बसूं नये हें बरें.

दुसरें बिनखर्चाचें देणें पाणंदीचें. गांवच्या नकाशावर तुटक दुहेरी रेघांनीं गाडीमार्ग दाखविलेला असतो. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट. प्रत्यक्षांत जाऊन पहावें तर कित्येक ठिकाणीं बैलगाडी सोडाच, डोक्यावर भारा घेतलेली बाईदेखील सरळ जाऊं शकत नाहीं. हें एका दिवसांत कोणीं केलेलें नाहीं. दर सालीं नांगराचें एकेक तास बांधाकडे सरकत गेलें, आणि वीस वर्षांत रस्ता शेतांत गेला. मग आडसाली ऊस तोडणीस आला कीं ट्रॅक्टर अडतो, पावसाळ्यांत दुखणाईतास खाटेवरून न्यावें लागतें, आणि प्रकरण तहसीलदाराकडे जातें. वाट अडविल्यास मामलेदार कोर्ट अधिनियम, १९०६ खालीं सहा महिन्यांच्या आंत दावा लावतां येतो. असे दावे आम्हीं दप्तरांत गठ्ठ्यानें पाहिले. निकाल लागतो, फेरतपासणीचा अर्ज होतो, आणि दोन शेजारी मरेपर्यंत बोलत नाहींत. त्यापेक्षां दोन्हीं बाजूंच्या खातेदारांनीं नकाशाची नक्कल हातीं घेऊन, नांगरटीपूर्वीं एक दिवस आपापलीं तासें मागें घ्यावीं. यांत दान कसलें, असें कोणी म्हणेल. खरेंच आहे, जें आपलें नव्हतें तें परत करण्यास दान म्हणत नाहींत. म्हणूनच आम्हीं वर 'देणें' हा शब्द घातला आहे. सावकाराचें देणें म्हणतांना जो अर्थ, तोच येथें.

पाणंद मोकळी झाल्यावर मुरूम पसरण्यास इरजिकीची जुनी रीत उपयोगीं पडते. एकानें बैल किंवा ट्रॅक्टर आणावा, दुसऱ्यानें माणसें, तिसऱ्यानें जेवण. हिवरेबाजारनें १९९० नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकारानें जें करून दाखविलें, त्यांत श्रमदान हा एक मोठा भाग होता, हें सर्वांस ठाऊक आहे. गाडगे महाराज तर कीर्तनापूर्वीं स्वतः खराटा घेऊन गांव झाडीत. त्यास काय खर्च आला? उन्हाळ्यांत आपल्या विहिरीचें पाणी वस्तीस पिण्यापुरतें सोडणें, घरचें चांगलें बियाणें पायलीभर उसनें देणें, याविषयीं अधिक लिहीत नाहीं. तें आमच्या बायका आमच्याआधीं करीत आल्या आहेत.

ओट्यावरच्या तासाविषयीं एक आक्षेप नेहमीं येतो, तो असा कीं, 'लोक संशय घेतील; हा कोणत्या पक्षाचा, याला निवडणुकीस उभें रहावयाचें आहे काय, असें विचारतील.' विचारतील खरेच. त्यास उपाय एवढाच कीं, त्या तासांत दुसरा विषय काढूं नये, आणि निवडणूक जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत ओटा बंद ठेवावा. अत्यंत निकडीचा कागद असेल तर शाळेच्या गुरुजींकडे पाठवावा. आणि कमानीवर लावतात तशी पाटी येथें लावूं नये. फक्त वार आणि वेळ खडूनें लिहावी.

वारसाच्या वर्दीचा एक साधा मसुदा आम्हीं तयार करून संपादकांकडे दिला आहे. त्यांत कुटुंबाच्या वंशावळीसाठीं जागा सोडली असून पोहोचेचा मजकूरही खालीं लिहिला आहे. जागा असल्यास तो पुढील अंकीं छापावा, म्हणजे वाचकांस कात्रण काढून ओट्यावर नेतां येईल.