औषध तेंच, नांव निराळें

गेल्या महिन्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं घडलेली हकीकत वाचकांच्या कानीं घालणें आम्हांस अगत्याचें वाटतें. त्यांच्या वृद्ध मातोश्री रक्तदाबासाठीं ॲम्लोडिपिनची एक गोळी रोज घेतात. नेहमींची गोळी दुकानांत नव्हती. तेव्हां विक्रेत्यानें निराळ्या नांवाचें पाकीट दिलें आणि "हें तेंच आहे" इतकें नातवास सांगितलें. नातवानें पाकीट फडताळांत ठेवलें. विक्रेत्याचे शब्द मात्र कोणास सांगितले नाहींत. मातोश्रींस वाटलें, डॉक्टरांनीं नवें औषध जोडलें असावें. जुन्या गोळ्या उरल्या होत्याच. दोन्ही पाकिटांतील गोळ्या त्या रोज घेऊं लागल्या. पांचव्या दिवशीं देवापुढून उठतांना त्यांस घेरी आली. सुदैवानें सूनबाई जवळ होत्या.

विक्रेता खोटें बोलला नव्हता. औषधास दोन नांवें असतात: एक मूळ द्रव्याचें व दुसरें कारखानदारानें ठेवलेलें. पहिलें एकच, दुसरीं पुष्कळ. परंतु १९४५ सालच्या औषधविषयक नियमांतील ६५ व्या नियमानें, चिठ्ठीवांचून न मिळणाऱ्या 'एच' व 'एक्स' परिशिष्टांतील औषधांच्या जागीं दुसरें औषध देण्यास विक्रेत्यास मनाई आहे. मूळ द्रव्य तेंच असलें तरीही.

याचा अर्थ स्वस्त औषध घेऊं नये असा कोणीं करूं नये. २००८ सालीं सुरू झालेल्या जनऔषधि योजनेच्या दुकानांत मूळ द्रव्याच्या नांवानें औषधें पुष्कळ कमी किंमतीस मिळतात, आणि त्यांचा लाभ घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. मात्र बदल डॉक्टरांस विचारून व्हावा. फेफऱ्यावरील फेनिटॉइन किंवा रक्तांत गुठळी होऊं न देणारें वॉरफरिन यांसारख्या औषधांच्या मात्रेंत अल्प फरकही बाधतो. तेथें कारखाना बदलला तरी डॉक्टरांस कळविलें पाहिजे.

गृहिणींस आमची सूचना अशी कीं, घरांतील प्रत्येकाच्या औषधाचें मूळ नांव व मात्रा मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद फडताळाच्या दारास आंतून चिकटवावा. नवें पाकीट येतांच त्यावरील बारीक अक्षरें कागदाशीं ताडून पाहावीं, आणि जुनें संपेपर्यंत नवें वेगळें ठेवावें. दुकानांतून काय आणलें एवढेंच नव्हे, तर विक्रेता काय म्हणाला हेंही घरीं येऊन सांगण्याची संवय मुलांस लावावी.

आमच्या स्नेह्यांच्या घरीं आतां असा कागद लागला आहे. अक्षर नातवाचें आहे.